हप्ता वेळेवर, तर विमा जागेवर

अभ्यास पाठ : बैठकीत मोठ्याने वाचा, चर्चा करा, नोंद करा



बैठकीत "विमा कोणी कोणी काढलाय?" असं विचारलं की भराभर हात वर होतात. "तो आज चालू आहे का?" असं विचारलं की एकमेकींकडे बघणं सुरू होतं. कोणी म्हणतं, मालकांना माहीत. कोणी म्हणतं, बँकेत फॉर्म भरला होता, पुढचं काही ठाऊक नाही. कोणाचा बाँड पत्र्याच्या पेटीत असतो, पण शेवटची पावती तीन वर्षांपूर्वीची असते.

विमा काढणं सोपं असतं, एका सहीचं काम. तो चालू ठेवणं हे वर्षानुवर्षांचं काम. घरात वाईट प्रसंग आला की विमा कार्यालय पहिला प्रश्न विचारतं : त्या दिवशी विमा चालू होता का? उत्तर "हो" असेल तर त्या घराला २ लाख रुपये मिळतात. "नाही" असेल तर आधी भरलेले पैसे बहुतेक वेळा गेलेले असतात. म्हणून या पाठात नवीन विमा कोणता घ्यावा ते सांगणार नाही. आहे तो विमा जागेवर कसा ठेवायचा तेवढंच शिकूया.

बचत वेगळी, विमा वेगळा

आपण गटात दर महिन्याला बचत भरतो. समजा एखादीने वर्षभर भरली आणि मग थांबवली, तरी तिची साठलेली रक्कम तिच्या नावावर राहते. विम्याचं तसं नसतं. विमा मोबाईलच्या रिचार्जसारखा असतो. रिचार्ज आहे तोवर फोन लागतो. मुदत संपली की, मागच्या महिन्यात किती पैसे भरले होते हे कोणी विचारत नाही.

एलआयसीच्या पॉलिसीत बचतीचाही भाग असतो, म्हणून तिथे नियम थोडे सैल आहेत, ते पुढे बघू. पण मूळ गोष्ट तीच. हप्ता भरलेला असेल तर संरक्षण असतं, हप्ता थांबला की संरक्षणही थांबतं.

बँकेतला ४३६ रुपयांचा विमा

आपल्यातल्या बऱ्याच जणींचा हा विमा आहे. नाव प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. ती २०१५ साली सुरू झाली. आधी वर्षाला ३३० रुपये होते, १ जून २०२२ पासून ४३६ झाले. मृत्यू आजाराने झाला, अपघाताने झाला किंवा आणखी कशाने, वारसाला २ लाख रुपये मिळतात. बँकेत किंवा पोस्टात खातं असलेल्या १८ ते ५० वर्षांच्या कोणालाही यात सामील होता येतं. एकदा सामील झालं की वयाच्या ५५ वर्षांपर्यंत संरक्षण राहतं, पण दरवर्षी हप्ता गेला तरच.

याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. पुढच्या वर्षाचे पैसे साधारण २५ ते ३१ मे या दिवसांत खात्यातून आपोआप कापले जातात. आपोआप कापले जातात हीच सोय आणि हाच धोका. खात्यात पैसे नसले तर बँकेचा माणूस घरी येऊन सांगत नाही. ३१ मे उलटला की विमा संपतो.

याच्या जोडीला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते. ती फक्त अपघातासाठी. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात असं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर १ लाख. हिचंही वर्ष १ जून ते ३१ मे. दोन्ही मिळून ४५६ रुपये. आठवड्याला ९ रुपये बाजूला ठेवले तर वर्षाचे ४६८ होतात. भागलं.

आता हा विमा कुठे कुठे तुटतो ते नीट बघा.

पहिली जागा : दोन खाती. जुनं खातं गटाच्या वेळी किंवा जनधनमध्ये काढलेलं, आणि विमा त्याच खात्याला. नंतर लाडकी बहीणचे पैसे यावेत म्हणून दुसऱ्या बँकेत खातं काढलं किंवा आधार तिकडे जोडलं. सगळे पैसे आता नव्या खात्यात येतात. जुन्या खात्यात ४० रुपये पडून आहेत. मे महिन्यात ४३६ कुठून कापणार? म्हणून आधी शोधा, विमा कोणत्या खात्याला आहे.

दुसरी जागा : निष्क्रिय खातं. दोन वर्षांहून जास्त काळ आपण स्वतः काही देवाणघेवाण केली नाही तर बँक खातं निष्क्रिय ठरवते. केवायसी राहिली असेल तरी व्यवहार अडतो. पैसे असूनही हप्ता जात नाही. वर्षातून दोन-तीनदा तरी त्या खात्यात थोडे पैसे टाका, काढा.

तिसरी जागा : दोनदा कापणी. दोन बँकांत फॉर्म भरला असेल तर दोन्हीकडून ४३६ जातात, पण विमा एकच धरतात. ४ लाख मिळत नाहीत, दोनच लाख मिळतात, आणि जादा भरलेला हप्ता वाया जातो. एका बँकेत लेखी अर्ज देऊन तिथला विमा बंद करा.

चौथी जागा सगळ्यांत महत्त्वाची : पन्नाशी. ज्या ताईंचं वय ५० च्या पुढे गेलंय त्यांचा विमा सुरू असेल तर ५५ पर्यंत चालेल. पण एका मे महिन्यात पैसे कमी पडून तो तुटला, तर पुन्हा आत येता येत नाही, कारण नव्याने सामील होण्याची मर्यादा ५० आहे. म्हणजे ५२ वर्षांच्या ताईंसाठी मे महिन्यातले ४३६ रुपये ही शेवटची दोरी आहे. गटातल्या अशा सख्यांची नावं वेगळी लिहा आणि त्यांना आधी आठवण करा.

वय बसत असेल तर तुटलेला विमा पुन्हा सुरू करता येतो. वर्षाच्या मध्येही करता येतो, आणि पैसे उरलेल्या महिन्यांप्रमाणे लागतात : जून ते ऑगस्टमध्ये पूर्ण ४३६, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८, मार्च ते मे मध्ये ११४. पुढचं वर्ष पुन्हा पूर्ण ४३६. पण लक्षात ठेवा, नव्याने किंवा पुन्हा सामील झाल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचाच दावा मिळतो. आजारपणाने मृत्यू झाला तर त्या ३० दिवसांत काही मिळत नाही. मग मे मध्ये वेळेवर पैसे ठेवलेलेच बरे, नाही का?

एलआयसीची पॉलिसी : समजा, दोन जावा

समजा, एका घरात दोन जावा आहेत. दोघींनी गेल्या वर्षी १० जूनला २ लाखांची, २० वर्षांची पॉलिसी घेतली. हप्ता वर्षाला १० हजार. यंदाचा १० जून आला. जून म्हणजे बी-बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं, सगळं एकाच वेळी. दोघींचाही हप्ता राहिला.

विमा कंपनी इथे वाढीव मुदत देते. कार्यालयात तिला ग्रेस पिरियड म्हणतात. हप्ता वर्षाचा, सहा महिन्यांचा किंवा तीन महिन्यांचा असेल तर ३० दिवस. दर महिन्याचा असेल तर फक्त १५ दिवस. या दिवसांत विमा चालूच धरतात.

धाकटीने ८ जुलैला कुठून तरी जमवून हप्ता भरला. तिचं काहीच बिघडलं नाही. समजा, तिला भरण्याआधीच, ५ जुलैला काही झालं असतं, तरी घरच्यांना दावा मिळाला असता. राहिलेला १० हजारांचा हप्ता वजा होऊन १ लाख ९० हजार आणि असेल तो बोनस.

थोरली म्हणाली, सोयाबीन निघाल्यावर बघू. १० जुलै गेला. पॉलिसी बंद पडली, म्हणजे लॅप्स झाली. समजा, ५ ऑगस्टला तिला साप चावला. पॉलिसीत एकच वर्षाचा हप्ता गेलेला. घरच्यांना ते पूर्ण २ लाख मिळत नाहीत.

दोघींची पॉलिसी सारखी, अडचणही सारखी. फरक पडला तो २८ दिवसांचा. म्हणून पॉलिसीच्या बाँडवर दोन तारखा शोधून पेनाने गोल करा : हप्त्याची तारीख आणि वाढीव मुदतीची शेवटची तारीख. कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच, त्या लिहून ठेवा.

ज्यांना अजून पॉलिसी घ्यायची आहे त्यांनी आणखी एक करावं. हप्त्याची तारीख आपल्या हाती पैसा येतो त्या महिन्याच्या आसपास पडेल अशी मागावी. सोयाबीन-कापूसवाल्यांना दिवाळीनंतर, ऊसतोडीला जाणाऱ्यांना उचल किंवा हिशोब मिळतो तेव्हा. एजंटच्या सोयीचा महिना आपल्या सोयीचा असेलच असं नाही. आणि वर्षाचा हप्ता जड जात असेल तर तो सहामाही किंवा तिमाही करून मागता येतो, त्यासाठी कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. रक्कम वर्षाला थोडी जास्त पडते, पण पॉलिसी टिकते.

एक चांगली बातमी : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढला आहे. आधी कर धरून भरत होतात त्यापेक्षा आता थोडं कमी भरावं लागेल. पावती तपासून बघा.

पॉलिसी बंद पडली आहे, आता काय?

घाबरून बाँड पेटीत टाकू नका. तीन वाटा आहेत.

पहिली वाट, पुन्हा चालू करणं. पहिला हप्ता चुकला त्या तारखेपासून साधारण ५ वर्षांच्या आत पॉलिसी पुन्हा सुरू करता येते. शेअर बाजाराशी जोडलेल्या पॉलिसीला ३ वर्षं. राहिलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात आणि तब्येत ठीक असल्याचं लिहून द्यावं लागतं. कधी डॉक्टरची तपासणी सांगतात. जितका उशीर तितकं व्याज जास्त, आणि मध्ये आजार निघाला तर कंपनी नकारही देऊ शकते. विमा कंपन्या मधून मधून बंद पॉलिसी चालू करण्याची मोहीम काढतात, तेव्हा विलंब शुल्कात सूट मिळते. शाखेत विचारत राहा.

तब्येतीचं लिहून देताना खरं लिहा. बीपी, साखर, ऑपरेशन झालेलं असेल ते सांगा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षं उलटल्यावर कंपनी पॉलिसीवर शंका घेऊ शकत नाही. पण पॉलिसी पुन्हा चालू केली की ती ३ वर्षं त्या दिवसापासून नव्याने मोजतात. एजंट म्हणेल, "ताई, नाही लिहा, कशाला उगाच." सही तुमची आहे. दावा अडेल तेव्हा तो समोर नसेल.

दुसरी वाट, पेड-अप. पॉलिसी किती वर्षं भरली की ती पेड-अप होते ते बाँडवर लिहिलेलं असतं. जुन्या बऱ्याच पॉलिसींना ३ वर्षं, नंतरच्या अनेकांना २ वर्षं. पेड-अप म्हणजे पुढे हप्ता भरायचा नाही, पण विमा लहान होऊन राहतो. हिशोब सोपा आहे. २ लाखांची पॉलिसी, २० हप्त्यांपैकी ५ भरले. २ लाख गुणिले ५, भागिले २०, उत्तर ५० हजार. हे ५० हजार आणि जमलेला बोनस मुदत संपल्यावर, किंवा आधी मृत्यू झाला तर वारसाला मिळतो. ज्या सखीला खरंच पुढे झेपत नाही तिने ही वाट नीट विचारून घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

तिसरी वाट, मोडणं, म्हणजे सरेंडर. यात सहसा भरलेल्यापेक्षा कमी हातात येतं आणि विमा संपतो. ही सगळ्यांत शेवटी. पैशाची नड असेल तर मोडण्याआधी विचारा, "या पॉलिसीवर कर्ज मिळतं का?" पुरेशी वर्षं भरलेल्या पारंपरिक पॉलिसीवर सहसा मिळतं. पण त्या कर्जाचं व्याजही थकवू नका, ते वाढून पॉलिसीच गिळून टाकतं.

पैसे कोणाच्या हातात दिले?

हा विषय नाजूक आहे, कारण एजंट बहुतेक वेळा गावातलाच असतो, नात्यातला असतो. पण पैशाच्या बाबतीत नातं वेगळं आणि पावती वेगळी.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ सालचा एक निकाल सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. एका विमाधारकाचा हप्ता राहिला होता. एजंटने घरी येऊन त्याच्याकडून हप्त्याचा चेक घेतला. पुढे विमाधारकाचा अपघाती मृत्यू झाला, आणि एजंटने पैसे महामंडळात भरले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. घरच्यांचं म्हणणं, आम्ही तर आधीच दिले होते. न्यायालयाने सांगितलं, हप्ता गोळा करायचा अधिकार त्या एजंटला दिलेला नव्हता, म्हणून त्याला दिले म्हणजे महामंडळाला दिले असं होत नाही. दावा मिळाला नाही.

ऐकायला कठोर वाटतं, पण अर्थ सरळ आहे. पैसे कंपनीच्या खात्यात पोचले त्या दिवशी हप्ता भरला. आपल्या हातातून गेले त्या दिवशी नव्हे.

म्हणून हप्ता इथे भरा : एलआयसीच्या शाखेत, अधिकृत भरणा केंद्रावर, गावातल्या सीएससी केंद्रात, मोबाईलवरच्या कंपनीच्या अॅपमध्ये किंवा यूपीआयने पॉलिसी क्रमांक टाकून. ग्रामीण टपाल जीवन विमा असेल तर पोस्टात. बँकेतून आपोआप कापायची सोयही करता येते. कुठेही भरा, छापील किंवा मोबाईलवर आलेली पावती घ्या. तिच्यावर तीन गोष्टी वाचा : पॉलिसी क्रमांक आपलाच आहे का, रक्कम बरोबर आहे का, आणि पुढचा हप्ता कधी आहे. वहीच्या फाटक्या पानावर "पैसे मिळाले" असं लिहून सही, ही पावती नव्हे.

आपल्या प्रभागात काही बहिणी विमा सखी म्हणून काम करतात, त्यांची मदत जरूर घ्या. पण त्यांच्याकडूनही पावती मागा. चांगली विमा सखी स्वतःहूनच देते.

आणि फोनवरच्या गोड आवाजाला भुलू नका. "तुमच्या बंद पॉलिसीवर बोनस जमा झालाय, आधी एवढे पैसे भरा," असे फोन येतात. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, कोणाला फोन करून बोनस देत नाही आणि पॉलिसीही विकत नाही. ओटीपी सांगायचा नाही, फोन ठेवून द्यायचा.

हप्त्याला पैसे नाहीत, तेव्हा गट कशाला आहे?

गटाच्या कर्जाचा अर्ज आला की आपण दवाखाना, शाळा, शेती, शेळी अशी कारणं मान्य करतो. विम्याचा हप्ता हेही तितकंच खरं कारण आहे. हिशोब करून बघू.

थोरल्या जावेने १० हजार गटातून महिना २ टक्के व्याजाने घेतले असते आणि चार महिन्यांत दरमहा अडीच हजार फेडले असते, तर व्याज पडलं असतं २००, १५०, १०० आणि ५०, म्हणजे ५०० रुपये. ५०० रुपयांत २ लाखांचं संरक्षण टिकलं असतं. शिवाय ते व्याजही आपल्याच गटात राहिलं असतं.

पण एक सावधगिरी. दरवर्षीच हप्त्यासाठी कर्ज काढावं लागत असेल तर पॉलिसी आपल्या ऐपतीपेक्षा मोठी आहे. अशा वेळी पेड-अपचा विचार करा आणि ४३६ व २० रुपयांचे विमे मात्र सोडू नका.

कर्जासोबतच्या विम्याचंही सांगते. बँक किंवा कंपनी कर्ज देताना विमा कापते तो कर्ज संपेपर्यंतच असतो आणि त्यातले पैसे आधी कर्जात जातात. "माझा तो एक विमा आहेच" असं समजून दुसरा सोडू नका.

घरात सांगून ठेवा

विमा चालू आहे, पण घरात कोणाला माहीतच नाही, तर तो नसल्यातच जमा. बाईचा विमा असतो हे कित्येक घरात ठाऊकच नसतं. तेरावा होतो, वर्षश्राद्ध होतं, आणि २ लाखांचा अर्ज कोणी करतच नाही.

एका पिशवीत हे ठेवा : पॉलिसी बाँड, शेवटची पावती, विम्याच्या खात्याचं पासबुक, आधारची प्रत. पिशवी कुठे आहे ते घरातल्या दोघांना सांगा. वारसाचं नाव तपासा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत आईचं नाव असेल, ती आता हयात नसेल, तर नाव बदलून घ्या. मोबाईल नंबर आपलाच नोंदवा. एजंटचा किंवा मुंबईला गेलेल्या मुलाचा नंबर असेल तर हप्त्याचा मेसेज आपल्याला दिसणारच नाही.

आणि घरात मृत्यू झाला तर गटाने त्या घरी जाऊन पासबुक बघायला सांगावं. मे-जूनच्या पानावर ४३६ किंवा २० रुपये गेलेले दिसले तर लगेच त्या बँकेत जा. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार आणि वारसाच्या खात्याचं पासबुक लागतं. अपघात असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जपून ठेवा. साप चावला, वीज पडली, विहिरीत पडली, तरी पंचनामा करून घ्यायचाच. दुःखाच्या घाईत हेच राहून जातं.

सख्यांचे नेहमीचे प्रश्न

*पॉलिसी बंद पडल्यावर मृत्यू झाला तर चौकशी करण्यात अर्थ आहे का?*
आहे. बरीच वर्षं भरलेल्या काही पॉलिसींत हप्ता चुकल्यावरही काही महिने संरक्षण राहतं, आणि पेड-अप रक्कमही असू शकते. बाँड घेऊन शाखेत जा. "काही नाही मिळणार" हे एजंटच्या तोंडून नको, कार्यालयाकडून लेखी घ्या.

*४३६ रुपये कापल्याचा मेसेज आला नाही. विमा चालू आहे का?*
मेसेजवर विसंबू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणा. नोंद दिसली तर चालू. दिसली नाही तर त्याच दिवशी बँकेत अर्ज द्या.

*मालकांचा विमा आहे, माझा कशाला?*
तुम्ही सकाळी पाचपासून जे काम करता ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर त्याची मजुरी किती होईल, ते बैठकीत एकदा मोजून बघा. मग हा प्रश्न पडणार नाही.

*तक्रार कुठे करायची?*
४३६ आणि २० रुपयांच्या विम्यासाठी १८००-१८०-११११ हा मोफत नंबर आहे. विमा कंपनी ऐकत नसेल तर आयआरडीएआयचा १५५२५५. त्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

या महिन्याच्या बैठकीत करायचं काम

१. गटाच्या नोंदवहीत एक पान विम्याचं करा. रकाने : सखीचं नाव, वय, कोणता विमा, कोणत्या बँकेचं खातं, हप्त्याची तारीख, वाढीव मुदतीची तारीख, वारस, पावती पाहिली का.

२. "पावती पाहिली का" हा रकाना तोंडी उत्तरावर भरू नका. पावती किंवा पासबुक डोळ्यांनी बघा, मग टिक करा.

३. ५० ते ५५ वयाच्या सख्यांच्या नावापुढे लाल खूण करा.

४. २० मेपर्यंत प्रत्येकीच्या विम्याच्या खात्यात किमान ५०० रुपये असल्याची सचिव ताईंनी खात्री करावी. ज्या अजून ऊसतोडीवर किंवा गावाबाहेर आहेत त्यांना फोन करा. पैसे कमी असतील त्यांचा त्याच बैठकीत ठराव घ्या.

५. जूनच्या पहिल्या बैठकीत पासबुकं पुन्हा बघा आणि ग्रामसंघाला आकडा कळवा : किती सख्यांचा विमा होता, किती जणींचा चालू राहिला. हे दोन आकडे सारखे आले, तर पाठ समजला.